खटकतं ते सांगा

ओहोळ मावशींना 'छान' हा शब्द चालत नसे. केक छान झालाय म्हणा, पडदे छान आहेत म्हणा, त्यांचा चेहरा लगेच आंबट व्हायचा. "छान काय, छान तर सगळंच असतं. खटकतं काय ते सांग," म्हणून त्या समोरच्याकडे अशा बघत राहायच्या की तो बिचारा केकमध्ये वेलदोडा अंमळ जास्त झाल्याचं कबूल करूनच सुटायचा. मग मात्र स्वारी खूश. "आत्ता कसं!" म्हणत त्याच्या ताटलीत आणखी एक तुकडा पडायचा. माझे बाबा तर त्यांच्याकडे जायचं म्हटलं की वाटेतच मला विचारायचे, "आज काय खटकलंय म्हणून सांगू या?"

दिल्लीतल्या द्वारकेत आमची आणि त्यांची सोसायटी एकच. त्याआधी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही वरच्या मजल्यावर आणि ते खालच्या, त्यामुळे मी त्यांना लहानपणापासून बघत आले. मूळचे नगरकडचे. काका एका मंत्रालयात हिशेबाच्या कामाला, आणि मावशी दुसऱ्या एका खात्याच्या फोटो विभागात. तिथे त्या रीटचिंग करत. "देवाने माणसाच्या तोंडावर जे बिघडवून ठेवलंय ते सरकारी खर्चाने दुरुस्त करायचं," अशी काका त्या कामाची व्याख्या करायचे. मोठ्या साहेबांचा फोटो कुठे छापायला जायचा असला की आधी तो मावशींच्या टेबलावर यायचा. हनुवटीवरचा मस, नाकावरची तेलकट चमक, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं तिथे नाहीसं होऊन पुढे जायचं. "दिल्लीतल्या अर्ध्या साहेबांच्या बायका त्यांना ओळखणार नाहीत असे फोटो मी केलेत," असं त्या सांगायच्या, आणि त्यात खोटं फार नव्हतं.

तेव्हा हे काम हाताने चालायचं. चार केसांचा ब्रश, सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल आणि डोळ्याला लावायचं भिंग. ब्रशला टोक आणायला त्या तो ओठांत धरायच्या, त्यामुळे संध्याकाळी बसमधून उतरताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात करडा डाग असायचा. पुढे विभागात कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या लोकांनी कपाळाला हात लावला, मावशींनी मात्र दोन महिन्यांत ते शिकून घेतलं आणि नव्याने आलेली मुलं शंका विचारायला त्यांच्याच टेबलाशी येऊ लागली. निवृत्तीनंतर त्यांनी पहिली खरेदी केली ती एका कॉम्प्युटरची. फ्रिज तोवर जुनाच होता, आणि काका पाहुण्यांना तो मुद्दाम उघडून दाखवायचे.

मी एकदा आईचा फोटो काढला. मंडळाच्या हळदीकुंकवात, मोबाइलवर. मग हौसेने त्याच्यावर बोटं फिरवली, चेहरा उजळला, सुरकुत्या पुसल्या आणि ग्रुपवर टाकला. पंचवीस जणींनी 'किती छान' लिहिलं. मावशींचा फोन आला.

"मेधा, ही बाई कोण गं?"

"मावशी, आई आहे ती!"

"हो का? मग तिच्या कपाळावरची उभी आठी कुठे गेली? ती तुझ्या दहावीच्या निकालाची आहे. ती काढायचा तुला काय अधिकार?"

त्यांनी मला मोबाइलसकट बोलावून घेतलं आणि शेजारी बसवून तो फोटो पुन्हा करायला लावला. कपाळावर ट्यूबलाइटचा उजेड भक्ककन पडला होता, तो कमी करायला लावला. आईच्या डोक्यातून टेबल फॅन उगवल्यासारखा दिसत होता, तो कापायला लावला. साडीचा जांभळा रंग मोबाइलने निळा केला होता, तो पुन्हा जांभळा झाला. मी चेहऱ्याजवळ गेले की मनगटावर चापट बसायची. "उजेड बदल, मागचं बदल, काय वाटेल ते कर. माणसाला हात लावायचा नाही." अर्ध्या तासाने त्या छोट्या पडद्यावरून माझी आई माझ्याकडे बघू लागली, आठीसकट, आता मी काय गोंधळ घालतेय अशा चेहऱ्याने. माझ्याकडचा तिचा सगळ्यात चांगला फोटो आजही तोच आहे.

पण मावशी पहिल्यापासून अशा नव्हत्या. आर. के. पुरममध्ये असताना त्यांना 'छान' म्हटलेलं आवडायचं, चांगलंच आवडायचं. ते बदललं आशिषनंतर.

आशिष त्यांचा एकुलता एक. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. लाजाळू, बारीक, उजवा कान डाव्यापेक्षा जरा जास्त बाहेर आलेला. दिवाळीत आमच्याकडच्या चकल्या खिशात भरून न्यायचा आणि नाताळात त्याबदल्यात करंज्या आणून द्यायचा. लहानपणी आम्ही जिन्यात पकडापकडी खेळत असताना तो लोखंडी कठड्यावर आपटला आणि त्याची डावी भुवई फुटली. काका त्याला तसाच उचलून टाके घालायला घेऊन गेले. जखम भरली, पण भुवई मध्येच तुटलेली राहिली, पेरताना मधली एखादी ओळ सुटावी तशी. शाळेत मुलं त्याला चिडवायची. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मावशींना वाटायचं.

कॉलेज संपलं, तो परीक्षांचे फॉर्म भरू लागला. फॉर्मला फोटो लागतो. मार्केटमधल्या स्टुडिओत काढलेला फोटो मावशींना पसंत पडला नाही. "नोकरीच्या अर्जावर पोरगं गुंडासारखं दिसतंय," म्हणाल्या. निगेटिव्ह ऑफिसात घेऊन गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती भुवई भरून टाकली. एकेक केस, भिंगाखाली. कानही थोडा आत घेतला. फोटो बिल्डिंगभर फिरला आणि सगळे म्हणाले, छान.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी आशिष क्लासला म्हणून निघाला आणि परत आला नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही, अपघाताची खबर नाही. त्याआधी काही महिने तो फार गप्प झाला होता. जेवताना हात थांबायचा आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. आज कोणीतरी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, परीक्षेचं टेन्शन आहे.

पोलीस चौकीतली हकिगत मावशींनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली, तीही एकदाच. घरात ताजा फोटो तो एकच होता, फॉर्मसाठी काढलेला, त्याच्या ढीगभर प्रती होत्या. काकांनी त्यातल्या दहा-बारा नेऊन दिल्या. हवालदाराने विचारलं, कोई निशान? काका म्हणाले, डाव्या भुवईत मोठी खूण आहे. हवालदाराने फोटो उचलून उजेडाकडे धरला.

"निशान तो फोटो में है ही नहीं, साहब."

"अरे भाई, है. मैं खुद टाँके लगवाने ले गया था."

"आप देख लो." त्याने फोटो काकांच्या नाकापुढे धरला. काका बघतच राहिले. ते आपल्या मुलाचा चेहरा रोज बघत होते, त्यामुळे फोटो त्यांनी कधी नीट बघितलाच नव्हता.

मावशी बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मैंने भर दिया."

"क्या भर दिया, मैडम?"

हे त्या हवालदाराला फोटोवर बोट ठेवून समजावून सांगावं लागलं, असं मावशी मला म्हणाल्या. खूण असलेले फोटो घरी होते, पण ते शाळेतले, हाफपँटमधले. त्यावरून कोण ओळखणार? शेवटी गेला तो भरलेल्या भुवईचाच फोटो. स्टेशनांवर तोच लागला, टीव्हीवर हरवलेल्यांच्या माहितीतही तोच आला. पुढे दोनदा लोकांनी सांगितलं की असा एक मुलगा दिसला होता, पण त्याची भुवई तुटलेली होती, म्हणून आम्ही सोडून दिलं. पहिला निरोप मथुरेहून आला होता. काका आणि मावशी तिथे पोचेपर्यंत तो मुलगा, जो कोणी असेल तो, निघून गेला होता.

काका त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटायचं.

द्वारकेला राहायला आल्यावर त्यांनी एक प्रथा पाडली. आशिषचा वाढदिवस फेब्रुवारीत. त्या दिवशी आम्हा तिघांना आणि त्यांच्या चर्चमधल्या दोन कुटुंबांना बोलावणं असायचं. केक कापायचा, चहा व्हायचा, मग मावशी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवायच्या. त्यावर आशिष असायचा, त्या वर्षी जेवढा झाला असता तेवढा. शाळेतल्या जुन्या फोटोवरून, मामा-काकांच्या चेहऱ्यांवरून त्यांनी तो वाढवत आणलेला होता. पहिल्याच वर्षी त्यांनी भुवईतली खाच परत आणली होती आणि कान बाहेर काढला होता. दर फेब्रुवारीत त्यात एक वर्ष घातलं जायचं आणि आम्ही प्रत्येकाने काय खटकतं ते सांगायचं. सांगितल्याशिवाय उठायचं नाही. काका पडद्याकडे पाठ करून वेताच्या मोड्यावर बसायचे आणि परातीत मटार सोलत राहायचे.

पहिली एक-दोन वर्षं आम्ही काहीतरी पुटपुटून सुटायचो. मग सवय झाली. सवय कशाचीही होते. बाबा म्हणाले, "ओहोळांकडे तिशी उलटली की केस मागे जातात, काकांकडे बघा." पुढच्या वर्षी आशिषचं कपाळ मोठं झालं. आई म्हणाली, "बसून काम करणाऱ्याची मान अशी राहत नाही, जरा भरू दे." मान भरली. चर्चमधल्या साळवे बाईंनी त्याला चष्मा सुचवला. चष्मा आला, पुढच्या वर्षी नको वाटला म्हणून गेला, आणि नंतर जरा बऱ्या फ्रेमचा पुन्हा आला. शर्टही बदलायचे. एका वर्षी मीच म्हटलं, हा चौकटीचा शर्ट त्याला शोभत नाही. मावशींनी मान डोलावली आणि माझ्या ताटलीत केकचा तुकडा ठेवला.

आम्ही सगळ्यांनी मिळून आशिषला नोकरीला लावलं होतं. बंगळुरूला बदली झालेल्या, सुट्टी न मिळणाऱ्या मुलाबद्दल बोलावं तसं आम्ही त्याच्याबद्दल बोलायचो. जरा जाड झालाय ना? हो, फिरायला जायला हवं. घरी परतताना लिफ्टमध्ये आम्ही तिघं एकमेकांकडे बघत नसू. मला त्या लिफ्टची भीती वाटायची.

प्रत्येक नवा फोटो मावशी छापून आणायच्या आणि काका स्कूटरवरून तो स्टेशनवर, बसस्टँडवर, देवळांच्या आणि दर्ग्यांच्या बाहेर लावून यायचे. कोणाचा फोन येत नव्हता. मग काका गेले. झोपेतच गेले, कसलाही त्रास न देता, त्यांच्या स्वभावासारखे. मावशी स्कूटर चालवत नसत, तेव्हा त्या मेट्रोने जाऊ लागल्या. खांद्यावर कापडी पिशवी, त्यात फोटो आणि खळीचा डबा.

काकांच्या अंत्यविधीच्या धावपळीत तळमजल्यावरच्या चौधरीजींनी फार मदत केली होती. ते हरियाणाचे, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. आवाज असा की कुजबुजले तरी पार्किंगमध्ये ऐकू जावं. त्या फेब्रुवारीत मावशींनी त्यांनाही बोलावलं. मोड्यावर या खेपेला कोणी नव्हतं. पडदा वळला, आम्ही आपापलं सांगितलं. कल्ले थोडे पांढरे हवेत, हनुवटी थोडी सैल हवी. चौधरीजी उठून पडद्याजवळ गेले, हात मागे बांधून उभे राहिले, आणि इतका वेळ बघत राहिले की चहावर साय आली.

"बहनजी," ते म्हणाले, "बुरा मत मानना."

"बोलिए ना. बुलाया ही इसलिए है."

"ये लड़का गुम नहीं हुआ है जी. ये तो घर पे रह रहा है."

त्यांनी मागे बांधलेला एक हात सोडून पडद्यावरच्या गालाकडे बोट केलं.

"इसने रोज टाइम पे खाना खाया है. दाँत का डॉक्टर है इसके पास. धूप नहीं लगी इसको. मैंने बीस साल ऐसे लोग देखे हैं, जो निकल जाते हैं और लौटते नहीं. पाँच साल में चमड़ी बदल जाती है. दाँत जाते हैं. होंठ फटते हैं, फिर वैसे ही रह जाते हैं. और ये जो चश्मा है..." ते थांबले. "चश्मा कौन देगा उसको?"

आईने माझा हात धरला. मला चौधरीजींचा इतका राग आला होता की मी उठून त्यांना बाहेर काढलं असतं. मावशी मात्र पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सुरी घेतली, केकचा एक मोठा तुकडा कापला आणि चौधरीजींच्या ताटलीत ठेवला. थोडा केक गालिच्यावर सांडला.

"लीजिए," त्या म्हणाल्या. "इतने साल में किसी ने बताया नहीं."

त्यानंतर त्या कामाला लागल्या. मी ऑफिसातून येताना अधूनमधून डोकावायची. त्यांनी सगळं सोडून दिलं होतं. सकाळी बाहेर पडायच्या, देवळांच्या ओट्यांवर, पुलांखाली, लंगरच्या रांगेजवळ जाऊन बसायच्या आणि माणसं बघायच्या. ऊन कातडीला कुठे धरतं, कुठे सोडतं. दात गेल्यावर गाल कसा आत बसतो. दाढी कापायला कोणी नसलं की ती कशी वाढते. घरी येऊन तेवढं पडद्यावर उतरवायचं. आम्ही वर्षानुवर्षं घातलेलं सगळं एकेक करून निघालं. आधी चष्मा, मग चांगला शर्ट, मग आईने भरायला लावलेली मान.

एका रविवारी दुपारी गेले तर त्या पडद्यापुढे नुसत्याच बसल्या होत्या.

"मेधा, हा पुढचा दात काढू का गं?"

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"काल काढला. मग तोंड कसंतरीच दिसायला लागलं, म्हणून परत बसवला. आज सकाळी पुन्हा काढला." त्या हसल्या. "आयुष्यभर लोकांचे डाग काढले. डाग लावायला कोणी शिकवलंच नाही मला. आणि माझ्याच पोराला..."

मला रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन. मला तो चकल्या भरलेला खिसा दिसत होता, आणि समोर पडद्यावर फाटक्या ओठांचा, उन्हाने रापलेला एक माणूस.

"रडू नकोस," मावशी म्हणाल्या. "रडण्याचा मला उपयोग नाही. खटकतं ते सांग."

मी डोळे पुसले आणि बघितलं. खरंच बघितलं, त्यांनी शिकवलं होतं तसं.

"डोळे," मी म्हटलं. "डोळे अजून घरचे आहेत."

त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते ठाऊक होतं. माऊसवरचा हात त्यांनी उचलून मांडीत ठेवला.

"ते राहू दे," म्हणाल्या. "बाकी सगळं केलं. ते नाही करणार."

इतक्या वर्षांत कोणाचंही म्हणणं त्यांनी नाकारल्याचं मला आठवतं ते तेवढंच. दात मात्र त्यांनी काढला.

नवा फोटो लागला आणि आठवड्याभरात फोन सुरू झाले. वाढदिवसांच्या जुन्या फोटोंना वर्षानुवर्षं एक फोन आला नव्हता, आणि आता दिवसाआड येऊ लागले. कोणी रिक्षावाला, कोणी दर्ग्याबाहेर फुलं विकणारी, कोणी मेट्रोचा गार्ड. मावशी प्रत्येक फोनला जायच्या. पहिल्या खेपेला मीही सोबत गेले. जुन्या दिल्लीत एका गुरुद्वाऱ्यापाशी भिंतीवर तो फोटो लावलेला होता, आणि फोन करणाऱ्या दुकानदाराने त्याखालीच एका माणसाला बसवून ठेवलं होतं. रापलेला, दाढी वाढलेला, पुढचा दात नसलेला. मावशी त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या, पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि बघितलं. भुवई अख्खी होती. कानही दोन्ही सारखे.

त्या उठायला लागल्या, तर तो माणूस भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "अम्मा, ये मैं ही हूँ."

फसवत नव्हता तो. आरसा कधी बघितला होता कोण जाणे. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"तेरा नाम क्या है, बेटा?" मावशींनी विचारलं.

त्याने पुन्हा फोटोकडे बघितलं. त्याला वाचता येत नसावं.

"जो इसमें लिखा है," तो म्हणाला.

मावशींनी त्याला लंगरमध्ये नेऊन शेजारी बसवून जेवू घातलं. त्या काही जेवल्या नाहीत. परतताना मेट्रोत जागा मिळाली, तेव्हा त्या म्हणाल्या,

"आधी कोणीच त्याच्यासारखं दिसत नव्हतं. आता सगळेच दिसतात."

"मावशी, मग जुना फोटो लावू या परत?"

"नाही गं. आता बरोबर आलाय तो."

त्यानंतर त्यांच्याकडे वाढदिवस झाला नाही. फेब्रुवारीत मी विचारलं, तर म्हणाल्या, काही बदलायचं उरलं नाही. बोलणं कमी झालं होतं. मी केलेल्या पुलावाला एकदा घाबरत घाबरत 'छान झालाय ना?' म्हणून बसले, तर त्या नुसतं 'हो' म्हणाल्या. ते 'हो' ऐकून मला काकांच्या जाण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. घरी त्या फक्त झोपायला येत. चौधरीजी त्यांना दोनदा पुलाखालून गाडीत घालून घेऊन आले. "मेरी गलती है, मैंने क्यों बोला," असं ते मला पार्किंगमध्ये म्हणाले, आणि या खेपेला त्यांचा आवाज खरंच कोणाला ऐकू गेला नाही. मावशी त्यांच्यावर जराही रागावलेल्या नव्हत्या. उलट ते भेटले की थांबून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या.

गेल्या वसंतात न्यूमोनियाने त्या गेल्या. नगरहून भाची आली होती, तिने घर आवरलं. त्यांचा मोबाइल बंद करायचा का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. तो माझ्याकडे आहे. अजून वाजतो.

पण मला त्या आठवतात त्या हॉस्पिटलमधल्या नाही. त्याआधीच्या जानेवारीत मी सकाळी कॅबने गुरुग्रामला चालले होते. धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. एका उड्डाणपुलाखाली गाड्या अडकल्या. काचेवरची वाफ पुसली, तर पलीकडच्या फूटपाथवर माणसं ओळीने झोपलेली होती, डोक्यावरून पांघरुणं ओढून. आणि त्या ओळीतून करड्या स्वेटरमधली एक बाई वाकून वाकून पुढे सरकत होती.

मी ड्रायव्हरला थांबायला सांगून उतरले. गाड्यांमधून वाट काढत त्यांच्या मागे काही पावलांवर पोचले आणि हाक मारायला तोंड उघडलं. मारली मात्र नाही. मावशी एका माणसाशेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या तोंडावरचं पांघरूण दोन बोटांनी हलकेच उचललं. चेहरा बघितला. पांघरूण परत टाकलं, मानेपाशी खोचलं, खाली पाय उघडे पडले होते त्यांच्यावर ओढलं. मग पुढचा.

तो जागा झाला. दचकून म्हणाला, "कौन है?"

"कोई नहीं," मावशी म्हणाल्या. "सो जा बेटा, अभी बहुत ठंड है."

त्याने पुन्हा डोळे मिटले. त्यांनी त्याचं पांघरूण सारखं केलं, जमिनीवर एक हात टेकून उठल्या, आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.